पहिल्या नंबरची घागर

मार्था याकोब साळवे या बाईच्या घरात उद्याचं असं काही सापडायचं नाही. आजचं पीठ, आजचं सरपण, आजचं मीठ. मीठसुद्धा आजचंच, हे ऐकून शेजारणी कपाळाला हात लावायच्या, कारण मीठ काही नासत नाही. पण मार्थाबाईचं म्हणणं असं, की येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो ती आजची. मग मिठाला वेगळा कायदा कशाला? देव काही उद्या गाव सोडून जात नाही. हे ती इतक्या शांतपणे म्हणायची, की ऐकणाऱ्याला आपल्या घरातल्या ज्वारीच्या कणगीची उगाच लाज वाटायची. लाज वाटली की माणूस चिडतो. म्हणून कुसळवाडीत बरेच लोक तिच्यावर विनाकारण चिडून असायचे.

कुसळवाडी म्हणजे तलवाड्याच्या रस्त्यावरचं गाव. गावाच्या शेवटी, रस्त्याला लागून, ख्रिस्ती लोकांची पाच-सहा घरं आणि एक पत्र्याची खोली. त्या खोलीत दर महिन्याला पाळकसाहेब एसटीनं येऊन उपासना घ्यायचे आणि परतीची एसटी चुकली की दोनदा घ्यायचे. मार्थाबाईचा नवरा याकोब लग्नांत ताशा वाजवायचा. तो बायकोइतका विश्वासू नव्हता. छपराच्या आढ्यात तो गुळाचा खडा लपवून ठेवायचा आणि मार्थाबाईला ते ठाऊक होतं. मुंग्यांनीच सांगितलं होतं. पण ती कधी बोलली नाही. याकोब वारल्यावर तिनं आढ्यातला शेवटचा खडा काढला, एका बैठकीत खाऊन टाकला आणि मग पोटभर रडली. मुलगी जालन्याकडं दिली होती. तेव्हापासून घरात ती, तिचा देव आणि एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, घागर. घागरीला एका बाजूनं पोचा आलेला होता.

नोकरी होती गावच्या सहकारी दूध संस्थेत, दुधाचे कॅन धुण्याची. चेअरमन सुंदरराव, सेक्रेटरी विठ्ठलराव. शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या दुष्काळात गावातली गुरं छावणीला गेली, काही बाजारात गेली, काही देवाघरी गेली, आणि दूध थांबलं. संस्था मात्र थांबली नाही. सहकारी संस्था एकदा सुरू झाली की तिला थांबायचं कसं हे कुणी शिकवत नाही. सकाळी विठ्ठलराव दुधातलं पाणी ओळखायची डिग्री घेऊन टेबलाशी बसायचे, कुणी आलं नाही की नऊला उठायचे. मासिक सभा वेळेवर व्हायची. आणि मार्थाबाई रिकामे कॅन घासायची. पाणी नव्हतं, म्हणून राखेनं. कालचे घासलेले, कुणी हात न लावलेले कॅन ती आज पुन्हा घासायची. "उद्या अचानक दूध आलं तर?" असं सुंदरराव म्हणायचे. मार्थाबाईचा उद्यावर काही भरवसा नव्हता, पण पगार आजच्या कामाचा होता, तेव्हा ती घासायची.

आता पाण्याची गोष्ट. कुसळवाडीत नळ होता. ग्रामपंचायतीच्या पुढं, सिमेंटच्या ओट्यावर, एक. त्याच्या उद्घाटनाला हार आला होता आणि पेढे वाटले होते. पाणी तेवढं कधी आलं नव्हतं. पण नळ होता म्हणून सरकारच्या लेखी गावाला पाणी होतं, आणि पाणी असलेल्या गावाला टँकर मिळत नाही. तालुक्याचा साहेब चौकशीला आला. त्यानं तोटी फिरवली. आतून हवा आली, फुस्स करून. साहेब म्हणाला, "हवा येते म्हणजे लाइन चालू आहे." आणि जीपमध्ये बसून गेला. गावकरी बिचारे त्या नळाला शिव्या देत दोन मैलांवरच्या आडावर जायचे आणि आडाच्या बुडातला गाळ वाटून घ्यायचे.

मार्थाबाईचे गुडघे धरलेले. दोन मैल जाणं आणि भरल्या घागरीनिशी दोन मैल येणं तिला होईना. तेव्हा तिनं साधा विचार केला. भाकरीला पाणी लागतं. भाकर देणाऱ्याला हे ठाऊक असलंच पाहिजे. तर घागर दारात ठेवावी आणि वाट बघावी. झालं. सकाळी उठून तिनं घागर रस्त्याच्या कडेला ठेवली, शेजारी स्वतः बसली आणि देवाला म्हणाली, "बापा, घागर हितं हाय."

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. संध्याकाळी शेजारच्या रामकिसननं तांब्याभर पाणी दिलं, त्यात तिनं भागवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. येणारेजाणारे हसायचे. छबुबाई, म्हणजे सुंदररावांच्या मालकीणबाई, आडाकडं जाता जाता थांबून म्हणाल्या, "मार्थे, घागरीत अंडी घालणार हाय का काय तुझा देव?" मार्थाबाई म्हणाली, "अंडी न्हाई मागितली, मालकीणबाई." आणि पुन्हा बसली.

मग एका सकाळी धुरळा उडवत एक टँकर आला आणि तिच्यापुढं थांबला.

ड्रायव्हर उत्तरेश्वर. हा गडी केज तालुक्यातल्या युसूफ वडगावचा, इकडच्या वाटांना नवा. नोकरीवर त्याचा पहिलाच दिवस. ऑफिसात त्याला सांगितलं होतं, की तलवाड्याच्या रस्त्यानं सरळ जा, पाण्यावाचून बसलेले लोक दिसतील, तिथं रिकामा कर. त्याला सबंध रस्त्यात झाडाखाली बसलेले लोक दिसले, देवळात बसलेले दिसले, पत्ते कुटत बसलेले दिसले. घागर पुढ्यात घेऊन बसलेली ही एकच बाई. त्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"मावशी, पाण्यावाचून बसलेले लोक तुमीच का?"

मार्थाबाईनं विचार केला. पाणी नव्हतं हे खरं, बसली होती हेही खरं.

"व्हय."

"टँकरचं तुमाला कळवलं होतं का कुणी?"

"मीच रोज सांगत होते," मार्थाबाई म्हणाली. "आज आला."

उत्तरेश्वरला वाटलं, ऑफिसच्या पायऱ्या झिजवून टँकर मंजूर करून आणला तो याच बाईनं. त्यानं अदबीनं पाइप खाली सोडला. घागर भरली, आणि टँकर तसाच भरलेला राहिला. "बाकीचे कुठं हायत?" त्यानं विचारलं. तेव्हा मार्थाबाईनं रामकिसनला हाक मारली, आणि रामकिसननं गावाला. पुढच्या घटकेत गावातली एकूण एक भांडी रस्त्यावर आली. कुणी परात आणली, कुणी डांबर लावलेलं टोपलं आणलं. एकानं पाळणा आणला, तो गळत होता.

तो टँकर कुणाचा, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. पाणी आलेलं असताना असले प्रश्न विचारायची आपल्याकडं पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत मार्थाबाईच्या घागरीमागं घागरींची रांग लागली. आणि टँकर आला. का येणार नाही? उत्तरेश्वरला जागा समजली होती. पण गावाला उत्तरेश्वर दिसत नव्हता, घागर दिसत होती. घागर पहिल्या नंबरला लागली की पाणी येतं, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. एकदा एका दांडगट बाईनं आपली घागर पुढं दामटली, तर त्या दिवशी टँकर दुपारपर्यंत आला नाही. त्याचं पंक्चर झालं होतं, पण पंक्चर तरी कावून झालं, असं लोकांनी विचारलं, आणि त्याला उत्तर नव्हतं. तेव्हापासून पहिला नंबर मार्थाबाईचा, हे ठरूनच गेलं.

आता खरी गंमत पुढं आहे. आजवर आडावर साळव्यांची घागर बाकीच्यांच्या घागरींपासून हातभर लांब ठेवायची रीत होती. चुकून लागली तर छबुबाई आपली तांब्याची घागर चिंचेनं घासून, निखारा फिरवून, तोंडानं बडबडत शुद्ध करून घ्यायच्या. त्याच छबुबाई आता दुसऱ्या नंबरला उभ्या राहून आपल्या घागरीचा काठ मार्थाबाईच्या पोचा आलेल्या घागरीला नीट टेकवायच्या. मध्ये बोटभर फट राहिली तर मागच्या बायका ओरडायच्या, "लाइन तुटली, लाइन तुटली." मग तिसरीची दुसरीला, चौथीची तिसरीला, अशी सगळ्या जातींची भांडी एकमेकांना चिकटून, वाकडी रांग करून उन्हात बसायची. गावातल्या जाणत्या माणसांना जे पिढ्यान्‌पिढ्या जमलं नव्हतं ते एका पंक्चरनं करून टाकलं. आणि "मार्थे" जाऊन "मार्थाबाई, तुमी बसा की सावलीला" सुरू झालं.

मार्थाबाईलाही ते आवडायला लागलं. खोटं कशाला बोला? सकाळी घागर ठेवताना ती आता जरा सावकाश ठेवायची, सगळ्यांना दिसेल अशी. छबुबाईंकडं बघून एकदा म्हणालीसुद्धा, "अंडी न्हाई घातली देवानं." छबुबाई हसल्या, कारण टँकर अजून यायचा होता.

हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत आणि आपल्याला न विचारता चाललंय हे सुंदररावांना कसं सोसवणार? गावात एखादी गोष्ट होते आणि तिला चेअरमन नाही. त्यांनी दूध संस्थेची तातडीची सभा बोलावली. ठराव असा, की मार्था साळवे ही संस्थेची कामगार असल्यानं तिची पाण्यासाठीची प्रार्थना इथून पुढं सहकारी तत्त्वावर चालवण्यात यावी. प्रार्थना उपसमिती नेमली गेली. अध्यक्ष सुंदरराव, उपाध्यक्ष विठ्ठलराव, आणि प्रत्यक्ष प्रार्थना करायला मार्थाबाई. सूचक, अनुमोदक, टाळ्या. मार्थाबाईला दारातून आत बोलावून बाकावर बसवण्यात आलं, आणि त्या बाकावर ती पहिल्यांदाच बसत होती.

विठ्ठलराव हिशेबी माणूस. म्हणाले, "रोज रोज मागण्यात काय मतलब हाय? एकदम महिन्याचं मागावं. देवाचा बी हेलपाटा वाचंल."

"महिन्याचं मागता येत न्हाई," मार्थाबाई म्हणाली.

"कावून?"

मार्थाबाईनं मग पाळकसाहेबांकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. देवाचे लोक रानात उपाशी होते, तेव्हा रोज सकाळी आभाळातून अन्न पडायचं. मान्ना म्हणायचे त्याला. आजच्यापुरतं उचलायचं. ज्यांनी हावरटपणानं उद्याला ठेवलं, त्यांच्या भांड्यात किडे पडले.

"ते तिकडलं हवामान दमट आसंल," विठ्ठलराव म्हणाले.

आणि त्यांनी संस्थेचे रिकामे कॅन टँकरच्या पाण्यानं भरून खोलीत साठवून ठेवले. ज्या हातांनी जन्मभर दुधात पाणी घातलं त्या हातांनी आता निव्वळ पाणी भरलं, आणि कॅनमधल्या मालाबद्दल गावाची पहिल्यांदाच तक्रार नव्हती. पण कॅनच्या झाकणांची रबरं केव्हाच गेली होती. आठवड्यानं झाकण उघडलं तर आत अळ्या वळवळत होत्या. विठ्ठलराव घाबरले. पाणी धोतराच्या सोग्यानं गाळून त्यांनी ते घरी वापरलं, हा भाग वेगळा; पण मान्नाची गोष्ट गावभर झाली आणि मार्थाबाईच्या शब्दाला असं वजन आलं, की ती शिंकली तरी बायका टँकर आला का बघायच्या.

असं सगळं सुरळीत असताना एका दुपारी हजराबी आली.

हजराबी म्हणजे कोसभर पुढच्या बागवानांच्या वस्तीतली म्हातारी. जन्मभर डोक्यावर पेरूची, सीताफळांची पाटी घेऊन गावोगाव फिरली. दूध संस्थेच्या दारात ती नेहमी टेकायची, मार्थाबाई तिला पाणी द्यायची, दोघी मिळून मिश्री लावायच्या आणि आपापल्या गुडघ्यांच्या तक्रारी सांगायच्या. दुष्काळात बागा वाळल्या, पाटी सुटली, येणं बंद झालं. आज आली ती रिकाम्या हातानं, काठी टेकत. मार्थाबाईनं तिला सावलीत बसवलं आणि घागरीतलं पाणी तांब्यात घालून दिलं. हजराबी ते सावकाश प्याली.

"गोड हाय," ती म्हणाली. "मार्था, एका कामाला आलते. तुझी दुवा मला शिकव."

"कसली गं?"

"पाण्याची. तुझी कबूल होती म्हणं रोजच्या रोज. आमी पाच वख्त मागतो, आमची होईना. काय शब्द हायत, ते सांग."

मार्थाबाईला आधी बरं वाटलं. प्रार्थना शिकायला आजवर तिच्याकडं कुणी आलं नव्हतं. ती सावरून बसली. "तुमाला पाणी कुठनं हाय आता?"

"वढ्यात झिरा खांदलाय. वाटीनं भरायचं. आमिनाबीची सून बाळंत झाली, तिला अंगावर घ्यायला पाणी न्हाई. पोरगं तेलावरच पुसून काढतेत."

"सरकारनं काईच दिलं न्हाई तुमाला?"

"दिलंय की. टँकर मंजूर हाय आमाला," हजराबी म्हणाली. "आमच्यात नळ न्हाई ना, म्हणून बिगी बिगी झाला. सायेब घरी येऊन सांगून गेला. पण पोचतच न्हाई. आमचा दिलावर ऑफिसात गेलता. ते म्हणतेत, रोज तर टाकतोय. बागवान वस्ती, तलवाडा रोड."

मार्थाबाईनं रस्त्याकडं पाहिलं. रस्ता तोच. टँकर तोच. तिच्या दारापुढून पुढं जाणारा तो रस्ता वस्तीवरूनच जात होता, हे तिला जन्मभर ठाऊक होतं. हजराबी तिच्याकडं बघत होती, शब्द ऐकायला.

"उद्या शिकवते," मार्थाबाई म्हणाली.

उद्या हा शब्द तिच्या तोंडून आला तो तिचा तिलाच परका वाटला. हजराबी बरं म्हणाली आणि काठी टेकत गेली.

मार्थाबाई उठली ती सरळ सुंदररावांच्या दारात. ते झोपाळ्यावर होते. तिनं सगळं सांगितलं. टँकर वस्तीचा, पाणी वस्तीचं, आपण महिनाभर दुसऱ्याचं पितोय.

सुंदररावांना आश्चर्य वाटलं नाही, त्यावरून त्यांना ते आधीच ठाऊक असावं. पण उत्तर त्यांनी असं दिलं, की पाळकसाहेबांनी ऐकलं असतं तर एसटी सोडून दिली असती. "मार्थाबाई, तू प्रार्थना केलीस. देवानं दिलं. ते पाणी कुणाचं हाय हे देवाला कळत न्हाई का? त्यानं तिकडलं इकडं वळवलं, त्यात त्याचा काही हेतू आसंल. आपण माणसांनी देवाच्या कामात ढवळाढवळ करू न्हाई."

"देव चोरी करत न्हाई, चेअरमनसायेब."

"तुला फार कळतंय देवातलं," सुंदरराव म्हणाले, आणि मग चेअरमन झाले. "घागर जागची हलली तर कॅन धुवायचं काम गेलं समज. ठरावच करतो."

घरी येऊन मार्थाबाई घागरीपुढं बसली. दिवस मावळत होता. रोज या वेळेला ती आभार मानायची. आज तिचं तोंड उघडेना. काम गेलं तर खायचं काय, हा प्रश्न होताच, पण तो तिला नवा नव्हता. तिला राग आला होता, आणि तो सुंदररावांचा नव्हता. "बापा," ती शेवटी म्हणाली, "मी तुज्याकडं मागितलं. हजराबीच्या ताटातलं उचलून माज्या ताटात वाढ, असं मागितलं होतं का मी? आन मी मेली रोज तुला धन्यवाद म्हणून ऱ्हायले, चारचौघींत मिरवून ऱ्हायले. आता तुला काय म्हणू?" ती भाकर न थापताच झोपली. पीठ उरलं. त्या घरात उद्याला उरलेलं ते पहिलं पीठ.

सकाळी रांग नेहमीसारखी लागली होती. पहिल्या नंबरची जागा मोकळी सोडून. मार्थाबाई घागर घेऊन बाहेर आली, ती जागा ओलांडून गेली आणि गुडघे दाबत रस्त्यानं चालू लागली.

छबुबाईंनी क्षणभर पाहिलं. मग त्यांच्या मनात विजेसारखं आलं, की आज टँकर दुसरीकडं येणार. त्यांनी आपली घागर उचलली. त्यांची उचललेली बघून तिसरीनं उचलली. मार्थाबाईनं मागं वळून सांगितलं, "माज्यामागं येऊ नका, तिकडं तुमचं पाणी न्हाई." त्यावर बायकांनी पावलं जोरात टाकली, कारण असं सांगणारी माणसं नेहमी पाण्याकडंच जात असतात. कोसभर रस्ताभर घागरी, हंडे, पराती, डांबर लावलेली टोपली. लाइन तुटू नये म्हणून चालतानासुद्धा प्रत्येकीनं आपली घागर पुढचीच्या घागरीला टेकवून धरली होती. मागून मोटारसायकलवर सुंदरराव, त्यांच्यामागं विठ्ठलराव. "कामावरनं कमी केलं तुला, मार्था," सुंदरराव ओरडले. विठ्ठलरावांनी त्यांच्या कानात सांगितलं, की ठरावाला कोरम लागतो, आणि सगळे मेंबर घागरी घेऊन रांगेत आहेत.

वस्तीवरच्या लोकांनी एवढं गाव चालून येताना पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, भांडण आलं. दिलावरनं काठी घेतली. मार्थाबाई पुढं झाली आणि म्हणाली, "भांडी काढा. टिपाडं, घमेली, काय आसंल ते रस्त्यावर मांडा. पहिली हजराबीची." ती इतक्या ठामपणे म्हणाली, की त्यांनी मांडली. वस्तीच्या सगळ्या भांड्यांच्या शेवटी तिनं आपली घागर ठेवली. तिच्यामागं छबुबाईंची टेकली, आणि तिच्यामागं सगळं गाव.

उत्तरेश्वर कुसळवाडीला आला तर रस्ता मोकळा. तो चक्रावला. पाण्यावाचून बसलेले लोक दिसेपर्यंत जायचं, एवढंच त्याला ठाऊक, तेव्हा तो सरळ गेला आणि वस्तीवर पोचला. "मावशी, जागा बदलली का?"

"न्हाई," मार्थाबाई म्हणाली. "आज बरुबर आलास."

पाइप सुटला. टिपाडं भरली, घमेली भरली, रांजण भरले. महिनाभर कोरडी पडलेली वस्ती ती. एकेक घर पाणी ओतून घेत होतं आणि थांबत नव्हतं. वस्तीचं शेवटचं भांडं भरलं आणि पाइप मार्थाबाईच्या घागरीवर आला, तेव्हा तो दोनदा खोकला आणि बंद पडला.

गाव उन्हात रिकाम्या भांड्यांनिशी बसलं होतं. छबुबाईंना रडू यायचं बाकी होतं. "मार्थाबाई, आज दिलं न्हाई की तुमच्या देवानं."

"दिलं," मार्थाबाई म्हणाली. "ते काय, समदं भरलंय."

छबुबाईंनी वस्तीच्या टिपाडांकडं पाहिलं आणि त्यांना काही समजलं, की नाही समजलं, सांगता येत नाही.

त्याच दुपारी सुंदररावांनी ग्रामपंचायतीपुढचा नळ मुळासकट उपटला, ओटा फोडला आणि गावात नळ नाही असा अर्ज दिला. आठवड्यात कुसळवाडीला टँकर मंजूर झाला. प्रार्थना उपसमितीनं त्याचं श्रेय घेतलं. मार्थाबाई पुढं बरीच वर्षं कॅन धूत राहिली, कारण तिला काढायच्या ठरावाला कोरम कधी झालाच नाही. पण हे सगळं मागाहून. त्या सकाळी वस्तीवर वेगळंच काहीतरी झालं.

दारात आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, ही वस्तीची रीत. आता एवढं गाव दारात आलेलं. आमिनाबीनं टिपाडात तांब्या बुडवला आणि रांगेच्या टोकापासून एकेकाला पाणी द्यायला सुरुवात केली. दिलावरनं काठी टाकून दुसरा तांब्या घेतला. ज्यांचं पाणी महिनाभर पळवलं होतं ते पळवणाऱ्यांना पाहुणे म्हणून पाणी वाढत होते. गूळ नाही म्हणून माफी मागत होते. छबुबाई ओंजळीनं प्याल्या. सुंदररावांनी दोन तांबे घेतले. मार्थाबाईला हे बघवेना. ती हजराबीच्या दारात जाऊन बसली.

"हजराबी, ऐक. ते पाणी तुमचंच होतं. मी घेत होते. मला ठाव नव्हतं, पण घेतलं मीच."

"ठाव हाय मला," हजराबी म्हणाली.

"कधीपासनं?"

"पहिल्या आठवड्यापासनं. टँकर बघाय तुमच्या गावाच्या कडंपर्यंत आलते. टँकरच्या चाकाच्या खुणा तुज्या दारापर्यंत यायच्या आन तिथनंच फिरायच्या. मी म्हातारी झाले, आंधळी न्हाई झाले."

मार्थाबाई तिच्याकडं बघतच राहिली. "मग सरळ सांगायचं की गं. दुवा शिकव म्हणून कावून आलीस?"

"सरळ सांगितलं असतं तर तू म्हणली असतीस, मला देवानं दिलंय. मग मी त्याच्यावर काय बोलणार? म्हणून आधी अल्लाला म्हणलं, ह्या बाईच्या मनात घाल. आन मग तुज्याकडं आले. चोरीच्या पाण्याची दुवा शिकवाय तुजी जीभ रेटायची न्हाई, येवढी तू मला माहीत हाय."

"आन रेटली असती तर?"

"तर दुवा तरी शिकून आले असते," हजराबी म्हणाली.

मार्थाबाईला हसू आलं आणि तिच्या छातीवरचा कालचा दगड त्या हसण्यात कुठं गेला ते तिला कळलं नाही. आपण महिनाभर मागत बसलो, आणि इकडं कुणीतरी आपल्यालाच मागत होतं. हजराबीनं तिची घागर ओढून घेतली आणि आपल्या टिपाडातलं पाणी त्यात ओतायला लागली.

"आता शिकव," ती ओतता ओतता म्हणाली. "काल उद्या म्हणलीस. आज उद्या हाय."

मार्थाबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि आपली ती आजच्या भाकरीची प्रार्थना सगळी म्हणून दाखवली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. हजराबीनं मन लावून ऐकली. मग कपाळाला आठी घातली.

"येवढीच? ह्यात पाण्याचं तर नाव बी न्हाई. नुसती भाकर मागतेस."

"पाण्याबिगर भाकर थापता येती का?" मार्थाबाई म्हणाली. "त्याला कळतंय तेवढं."

हजराबीनं थोडा विचार केला आणि तिला ते पटलं.